उशीखालची मात्रा

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं, एक गोरा माणूस शीळ घालत लिफ्टमध्ये शिरला, आणि एल्बर्ट ट्राइसचा उजवा पाय बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच परवानगीशिवाय हलला. शीळ ओळखीची होती. रस्त्यात कुणीतरी आपलाच कोट घालून समोरून यावं आणि वर आपल्यालाच किती वाजले म्हणून विचारावं, तशी ओळखीची. पहिला भाग नीट गेला. दुसरा सुरू झाला, वळण आलं, आणि वळणावर एक मात्रा गळाली. दम संपून गळाली असती तर एल्बर्टनं माफ केलं असतं. पण ती व्यवस्थित, सराव करून गाळलेली होती. जिन्याची एक पायरी गाळून उतरण्याची सवय असावी तसा माणूस सहज पुढे गेला, आणि एल्बर्टचा पाय जमिनीपासून दोन बोटं वर लोंबकळत राहिला. "तळमजला," एल्बर्ट म्हणाला. लिफ्ट वर चालली होती. माणसानं शीळ थांबवून त्याच्याकडे पाहिलं, मग छताकडे, मग परत त्याच्याकडे. "पाचवा म्हणालो होतो, काका." "पाचवा, साहेब," एल्बर्ट म्हणाला, आणि पाय खाली ठेवला. काळ्या माणसाच्या नावापुढे 'मिस्टर' लावणं नॅशविलमधल्या गोऱ्यांच्या जिभेला जड जायचं, म्हणून वय झालेल्या प्रत्येक काळ्याला ते काका करून टाकत. या हिशेबानं एल्बर्टला शहरात काही हजार पुतणे होते, आणि त्यातला एकही कधी जेवायला बोलावत नव्हता.

माणूस पाचव्यावर उतरून शिळेसकट निघून गेला, पण गाळलेली मात्रा लिफ्टमध्येच राहिली. पितळी दांडा हातात धरून एल्बर्ट तिच्याकडे बघत उभा राहिला. ती त्याचीच होती. ही चूक जगात एकाच माणसानं, एकदाच, एका उशीमुळे केली होती, आणि तो माणूस या क्षणी लाल कोट घालून हॉटेल कॅल्हूनच्या चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये खाली चालला होता. एकोणीसशे अठ्ठावीस साल, मेम्फिस. रेकॉर्ड कंपनीनं तिथल्या एका हॉटेलचा सहावा मजला गाणी भरून घ्यायला भाड्यानं घेतला होता आणि बाहेरचा गोंगाट येऊ नये म्हणून खिडक्यांना रजया ठोकल्या होत्या. बाहेर ऑगस्ट, आत रजया. त्या खोलीत नुसता श्वास घेतला तरी घामाचा आवाज यायचा. चोवीस वर्षांचा एल्बर्ट फिडल घेऊन बसला होता. वाद्य व्हायोलिनच, पण त्याला व्हायोलिन म्हणायचं की फिडल, हे वाजवणाऱ्याच्या कपड्यांवरून ठरतं. शेजारच्या खुर्चीत गिटार घेऊन कॉय रेन्फ्रो. कॉय गोरा. दोघांच्या शेतांमध्ये एक कुंपण होतं. ते दोन्ही घरांतल्या मोठ्या माणसांनी काटेकोर पाळलं, कोंबड्यांनी आणि गाण्यांनी पाळलं नाही. एल्बर्टचा बाप हेझेकाया शनिवारी काळ्यांच्या नाचाला वाजवायचा आणि शुक्रवारी गोऱ्यांच्या. गाणी तीच, फक्त शुक्रवारी मागच्या दारानं आत जायचा. 'खेचराची सुट्टी' हे त्याचं खास. ते कुणाचं असं विचारलं की म्हणायचा, "पहिला अर्धा रेल्वेतल्या एका आयरिश मुकादमाचा, दुसरा माझ्या आजीचा, आणि मधलं वळण खेचराचं. खेचरानं अजून मागितलं नाही." त्या वळणावर नाचणारे सगळे एकदम उजवा पाय आपटायचे आणि फळ्यांची धूळ दिव्यापर्यंत उडायची. एल्बर्ट वाजवता वाजवता पाय आपटायला शिकला तो तिथे. की पाय आपटता आपटता वाजवायला शिकला, हे त्याला कधीच नक्की सांगता आलं नसतं.

पण कंपनीच्या यंत्रवाल्याला पाय नको होता. मेणाच्या तबकडीवर सुई आवाज कोरत जायची, आणि एल्बर्टचा पाय पडला की सुई उडायची. दोन तबकड्या वाया गेल्यावर यंत्रवाला हॉटेलच्या पलंगावरची एक उशी घेऊन आला आणि मूल झोपवावं तशी ती एल्बर्टच्या पायाखाली ठेवून गेला. "आता आपट किती आपटायचं ते." उशीवर पाय आपटला की आवाज येत नाही, आणि आपला आवाज आपल्यालाच आला नाही की आपण आहोत की नाही अशी शंका येते. वळणावर ती शंका आली आणि तिच्यात एक मात्रा गेली. कॉयनं डोळे मोठे केले, पण कुंपणापलीकडून ऐकत वाढलेला तो; त्यानंही तिथेच उडी मारली आणि दोघं हातात हात घालून खड्ड्यापलीकडे गेले. "परत घेऊ या, साहेब," एल्बर्ट म्हणाला. "मेण संपत आलंय," यंत्रवाला म्हणाला, "आणि कुणाच्या लक्षात येतंय?" मग उरलेल्या मेणावर एल्बर्टनं आईचं कापूस वेचतानाचं गाणं म्हटलं, आणि कॉय खिशातल्या चाकूची मूठ गिटारच्या तारांवरून अशी घासत गेला की रजयांनासुद्धा भरून यावं. कंपनीच्या दोन याद्या होत्या, एक गोऱ्या गिऱ्हाइकांची, एक काळ्या. फिडल ऐकून कंपनीनं ठरवलं की हे गोरं. त्यावर डोंगरातल्या झोपडीचं चित्र काढून 'रेन्फ्रो बंधू' असं छापलं. रडगाणं ऐकून ठरवलं की हे काळं. त्यावर 'ब्लाइंड एल्बर्ट आणि साथीदार' असं छापलं, कारण त्या वर्षी आंधळे चांगले खपत होते. एल्बर्टला भिंतीवरची मुंगी दिसायची. असो. म्हणजे दुपारी तीन वाजता एल्बर्ट गोरा झाला, सव्वातीनला कॉय काळा झाला, आणि साडेतीनला दोघं आपापल्या रंगात परत येऊन दोन वेगळ्या दारांनी बाहेर पडले.

पुढच्या वर्षी कंपनीचा माणूस परत आला तेव्हा म्हणाला, गाणी आणा पण फिडल नको. तुमच्या लोकांनी फिडल वाजवलं की गिऱ्हाईक गोंधळतं. एल्बर्टचा आजा फिडल वाजवत होता, पणजा वाजवत होता, पण हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार. हळूहळू गिऱ्हाइकाचं खरं झालं. कॉय डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात गेला आणि तिथेच वारला. शेवटपर्यंत पत्राखाली 'तुझा थोरला भाऊ' अशी सही करायचा, कंपनीला टोमणा म्हणून. एल्बर्ट लिफ्टमध्ये आला. घरची रेकॉर्ड चुलत्यानं एकदा उन्हात ठेवली, तिची बशी झाली, आणि चुलतीनं तीत वाटाणे ठेवायला सुरुवात केली. फिडल स्वयंपाकघरात खुंटीवर होतं आणि रविवारी बटाटे शिजेपर्यंत वाजायचं. एवढं होतं, आणि एवढ्यात त्याचं बरं चाललं होतं.

आता वर हे. पंधरवड्यापूर्वीच मॅनेजर प्रुइट साहेबांनी सगळ्या काळ्या नोकरांना ओळीत उभं करून बजावलं होतं, की फिडलवाल्यांचं संमेलन आहे, पाहुणे खास आहेत, लिफ्टवाल्यानं मजल्याच्या आकड्याखेरीज एक शब्द बोलायचा नाही, बोलला तर त्याच दिवशी घरी. एल्बर्टला ते सोपं वाटलं होतं. पण आज सकाळी फलकावर उद्याच्या स्पर्धेचं सक्तीचं गाणं लागलं, 'खेचराची सुट्टी', आणि आता सातही मजले तेच वाजवत होते. लिफ्ट वर जाताना एकेक मजला एकेक तुकडा टाकायचा. दुसऱ्यावर सुरुवात, तिसऱ्यावर मधलं, चौथ्यावर कुणाची तरी तार तुटलेली आणि शिवी, पाचव्यावर वळण. वळणावर सगळे न चुकता चुकत होते. एकशेबारा फिडलवाले, त्यांत म्हातारे, टकले, एक सोनेरी केसांची दंतवैद्याची बायको, आणि प्रत्येकाच्या पायाखाली ती न दिसणारी उशी. एल्बर्टला भीती वाटायला हवी होती, राग यायला हवा होता, आणि ते दोन्ही आलेही, रीतसर, एकामागून एक. पण त्यांच्या मागून पोटात कुठेतरी गुदगुल्या होत होत्या. बापानं अख्ख्या गावाला नाचवलं होतं, ठीक आहे. पण अख्ख्या हॉटेलला अडखळवणं बापालाही जमलं नव्हतं.

दुपारी जेवायला तो तळघरात धुलाईत गेला. तिथे व्हर्नीस इस्त्री करत होती. व्हर्नीस शनिवारी रेडिओवर गोऱ्यांची गावाकडची गाणी ऐकायची आणि रविवारी चर्चमध्ये त्याबद्दल माफी मागायची. तिनं मक्याच्या पावाचा तुकडा त्याच्यापुढे सरकवला.

"तोंड का असं? कोण गेलं?"

"मी."

"कधी?"

"अठ्ठावीस साली. वरच्यांनी आज कळवलं."

त्यानं सगळं सांगितलं. व्हर्नीस इस्त्री आपटून हसली. "म्हणजे वरची सगळी गोरी माणसं तुझ्या उशीची नक्कल करतायत? आणि तो पांढऱ्या दाढीवाला मास्तर?"

"डॉक्टर वॉर्डलॉ. त्यानंच जुनी रेकॉर्ड कुणाच्या तरी माळ्यावरून काढून नवी छापली. ती मात्रा का नाही, यावर अठरा पानं लिहिलीत म्हणे. परीक्षकही तोच."

"मग सांग की त्याला."

"सांगतो. आणि उद्यापासून तुझ्याबरोबर चादरी धुतो."

"तुला कोण घेतंय? तुला चादरीची घडी तरी घालता येते का?" तिनं इस्त्री बाजूला ठेवली. "पण एल्बर्ट, खरं सांग. तुला काय हवंय? फोटो? हार?"

यावर त्यानं बराच वेळ पाव चावला. फोटो नको होता. कंपनीनं काढलेला काळ्या चष्म्यातला त्याला पुरे होता. त्याला एकच गोष्ट आतून टोचत होती आणि ती बोलून दाखवली तर लहान मुलासारखी वाटली असती. ते गाणं त्याच्या नावाशिवाय जगात हिंडत होतं, ते एक वेळ चाललं असतं. गाण्यांना ती खोडच असते. पण ते लंगडत हिंडत होतं, आणि लंगडेपणाला लोक त्याचा स्वभाव समजत होते. ते कुणाचं, कसं चालायचं, हे त्यानं आज सांगितलं नाही तर उद्या स्पर्धेनंतर ते असंच कायमचं होणार होतं. "मला तो पाय खाली पडलेला ऐकायचाय," तो म्हणाला. "आणि कुणी पाडला हे त्यांना कळलेलं." व्हर्नीस या वेळी हसली नाही. तिनं आणखी पाव दिला.

तीन वाजता तळमजल्यावर डॉ. वॉर्डलॉ लिफ्टमध्ये आले, आणि त्यांच्यामागून फिडलची पेटी छातीशी धरून एक वाळका म्हातारा. हा क्लीट हॉजेस, डोंगरातला, सत्तरीचा; लिफ्टच्या जाळीकडे तो कोंबडी सुरीकडे बघते तसा बघत होता. "सहावा," वॉर्डलॉ म्हणाले. "माझं टेपयंत्र तापायला लावून आलोय." "सहावा, साहेब," एल्बर्ट म्हणाला आणि दांडा फिरवला.

"डॉक्टरसाहेब," क्लीट म्हणाला, "मला काय ती उडी जमंना बगा. तितं आलं की पाय खालीच पडतो. लई मारलं पायाला, तरी ऐकंना."

"ती उडी नाही हॉजेस, तो श्वास आहे. स्कॉटलंडचे आपले पूर्वज कडा चढताना मध्येच एक श्वास घ्यायचे. तो गाण्यात उतरला. शुद्ध गोऱ्या रक्ताची खूण आहे ती. ऐकताक्षणी कळतं."

"माजं रगात बी त्याच डोंगरातलं हाय की. मग माज्या पायाला का न्हाई कळत?"

"सराव," वॉर्डलॉ म्हणाले. एल्बर्टनं ओठ आवळले. अठरा पानं. सातव्या की आठव्या पानावर कडा असणार. त्याला उशी आठवली, तिच्या अभ्र्यावर निळ्या दोऱ्यानं हॉटेलचं नाव काढलेलं होतं, आणि एका कोपऱ्यात कुणाच्या तरी केसांच्या तेलाचा डाग होता. स्कॉटलंड. त्याच्या घशातून आवाज निघणार एवढ्यात सहाव्या मजल्यावरच्या टेपयंत्रानं आणि खोल्याखोल्यांतल्या पंख्यांनी मिळून हॉटेलचा फ्यूज उडवला. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये थांबली आणि इतका काळोख झाला की कोण कुठल्या रंगाचा हे ज्याचं त्यालाही आठवून पाहावं लागलं.

"अग आई," क्लीटचा आवाज आला. "म्या कोळशाच्या खाणीत दोन दिस अडकलो होतो. मला न्हाई जमायचं हे. दार काडा. दार काडा म्हन्तो न्हवं."

"फिडल काढा, साहेब," एल्बर्ट म्हणाला. आकडा नसलेलं हे त्याचं लिफ्टमधलं पंधरवड्यातलं पहिलं वाक्य. "हाताला काम असलं की बरं वाटतं." पेटी उघडल्याचा आवाज झाला, गज तारेवर टेकला, आणि मेंढरू थरथरावं तसा सूर निघून थांबला. "हात ऱ्हाईना जाग्यावर. कोन तू?"

"लिफ्टवाला."

"तुला येतं व्हय?"

"थोडं."

"मग घे बाबा. कायतरी वाजीव. पन लौकर."

काळोखात लाकूड एका हातातून दुसऱ्या हातात आलं. परकं फिडल, मान जरा जाड, खालची तार उतरलेली. त्यानं ती अंगठ्यानं चाचपून चढवली. मग वाजवलं. पहिला अर्धा मुकादमाचा, दुसरा आजीचा, आणि वळण आलं तेव्हा त्यानं उजवा पाय लिफ्टच्या लोखंडी तळावर सगळ्या वजनानिशी आपटला. लिफ्ट घंटेसारखी वाजली. सात मजल्यांचा पोकळ बोगदा वर आणि खाली, आणि मध्ये टांगलेली ही पेटी. असलं वाद्य त्याला अठ्ठावीस साली कुणी दिलं नव्हतं. आवाज बोगद्यातून वर गेला, खाली गेला, आणि अंधारात हातात गज घेऊन बसलेल्या एकशेबारा माणसांना करायला काही नसल्यामुळे ती सगळी सामील झाली. वळणावर मोठा अपघात झाला. वरच्यांनी मात्रा गाळली, यानं घातली. सातव्या मजल्यावर काहीतरी फुटलं. दुसऱ्या फेरीला निम्मे त्याच्याबरोबर आले, निम्मे खड्ड्यात गेले आणि तिथून शिव्या आल्या. तिसऱ्या फेरीला क्लीटचा पाय पडला, पाठोपाठ पाचव्यावर पाय पडले, दुसऱ्यावर पडले, खाली तळघरात कुणीतरी, आणि ती व्हर्नीसच होती, इस्त्री आपटली. "पडला!" क्लीट ओरडला. "पडला रे पडला! तरी म्या म्हनत हुतो! पाय शाना हाय माजा!" एल्बर्टच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता, आणि दोन्हीपैकी एकासाठीही हात मोकळा नव्हता.

गाणं संपलं तेव्हा बोगद्यात धूळ खाली येताना ऐकू येत होती. "चूक आहे," वॉर्डलॉ कोपऱ्यातून म्हणाले; त्यांचा आवाज मात्र धाप लागल्यासारखा होता. "सुंदर, पण चूक. रेन्फ्रो बंधू तिथे गाळतात."

"हो साहेब. मी त्यातला धाकटा."

वॉर्डलॉ मागे सरकले ते लिफ्टच्या जाळीला थडकले.

"पायाखाली उशी ठेवली होती त्यांनी, साहेब. सुई उडायची म्हणून. मला माझा पाय ऐकू आला नाही. तुमच्या अठरा पानांत उशी आहे का कुठे?"

अंधारात कुणीतरी दाढी खाजवली. अठरा पानं मनातल्या मनात परत लिहायची म्हणजे वेळ लागतोच. तेवढ्यात वरून, फार वरून, एका बाईचा आवाज आला. दंतवैद्याची बायको असावी. "ए खाली! कोण वाजवत होतं ते?"

फिडल क्लीटचं होतं. क्लीटचं नाव घेतलं असतं तर संध्याकाळी नोकरी जागेवर होती, आणि क्लीटनंही बहुधा हरकत घेतली नसती. एल्बर्टनं तोंड वर केलं. पोटातून, चर्चमध्येही कधी लावला नव्हता एवढा आवाज लावून तो ओरडला, "एल्बर्ट ट्राइस! गाणं माझ्या बापाचं, रेकॉर्ड माझी! ती मात्रा गेली ती चुकून गेली!"

"कुठल्या मजल्यावर आहात?"

"कुठल्याच नाही, बाई! मध्ये!"

वर कुजबुज झाली. बराच वेळ झाली. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी कुणालातरी गप्प बसवलं, एकानं 'लिफ्टवाला?' असं दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा त्याला तेच उत्तर मिळालं असावं. एका मजल्यावर एक दार धाडकन लागलं. मग त्याच बाईचा आवाज आला, जरा रागावलेला. "मग परत वाजवा ना, मिस्टर ट्राइस! आणि जरा सावकाश! आम्ही अख्खा हिवाळा चुकीचं शिकलोय!"

त्यानं सावकाश सुरुवात केली. दुसऱ्या फेरीला वीज आली. दिवा लागला, क्लीट डोळे मिटून पाय आपटत होता आणि उघडायला तयार नव्हता. वॉर्डलॉंनी लाल कोट पाहिला, कोटाच्या बाहीतून निघालेला हात पाहिला, हातातला गज पाहिला, आणि वळण आलं. त्यांचा बूट सवयीनं वर अडकला, तिथे क्षणभर राहिला, आणि मग त्यांच्या देखत, त्यांना न विचारता, खाली पडला. दांड्याशेजारच्या फळीवर एकामागून एक दिवे लागत होते. दुसरा मजला बोलावत होता, सहावा, तिसरा, मग सगळे. तळमजल्यावरून प्रुइट साहेब बोट न उचलता घंटा दाबत होते. लिफ्ट आता सहज चालली असती. पण एल्बर्टचे दोन्ही हात गुंतलेले होते, आणि लिफ्टमधल्या कुणीही त्याला मजल्याचा आकडा सांगितला नाही.